पाच मेडलं मिळाली, पण गट कुठला ते सांगायचं कसं?

(पत्र थोडक्यात देतेय. नाव, गाव, शाळा सगळं काढून टाकलंय.)

दक्षिण कॅलिफोर्नियात राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. दोन मुलं. मोठीचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, शाळेत कायम चारपैकी चार, ती आता कॉलेजात. धाकटा अकरावीत, जीपीए 2.8. गेल्या वर्षी शाळेतल्या एका शिक्षिकेने स्वतःहून त्याला अकॅडेमिक डेकॅथलॉन या शाळाशाळांमधल्या अभ्यासाच्या स्पर्धेच्या टीममध्ये ओढलं, पोरं त्याला ॲकाडेका म्हणतात. यंदा काउंटीच्या स्पर्धेत त्याला पाच मेडलं मिळाली. आर्ट आणि इंटरव्ह्यूमध्ये गोल्ड, म्युझिक आणि लिटरेचरला सिल्व्हर, स्पीचला ब्राँझ. पण तो खेळतो ‘व्हार्सिटी’ गटातून, म्हणजे ज्यांचा जीपीए सगळ्यात कमी त्यांच्यातून. बाबा म्हणतात, ड तुकडीत पहिला येऊन काय उपयोग, हे बंद कर आणि कॉलेज प्रवेशाच्या एसएटी परीक्षेचा क्लास लाव. ताईंनी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला, त्यात मागच्या स्क्रीनवर गटाचं नाव दिसत होतं तेवढं कापून टाकला. मुलाने पाहिलं, काही बोलला नाही. मेडलं तेव्हापासून गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून आहेत. त्यात परवा तो म्हणाला की माझा जीपीए फार वाढला तर मला वरच्या गटात जावं लागेल आणि टीमला व्हार्सिटी कमी पडेल, त्यावरून घरात महाभारत झालं. टीम आता स्टेटला चाललीय. ताईंचे प्रश्न: डेका सोडायला लावू का? कॉलेजच्या फॉर्मवर गट लिहायचा का? आणि लोकांना काय सांगू? सोबत मुलाचं स्कोअरशीट आणि रिपोर्ट कार्ड दोन्ही पाठवलंय.

ताई,

आधी एक कबुली देते. तुमचं पत्र वाचल्यावर मी पहिल्यांदा ते पुन्हा वाचलं नाही, स्कोअरशीट उघडलं. सवय आहे ती, मी दोन-तीन वर्षं आमच्याकडच्या स्पर्धेत इंटरव्ह्यूची जज म्हणून गेलेय, तिथे सगळे जज व्हॉलंटियर असतात, कुणी बँकेतलं, कुणी नर्स, कुणी माझ्यासारखं रिकामटेकडं. पहिल्यांदा गेले ते 2016 साली. दरवर्षी डेकाला एक थीम असते आणि गणित सोडलं तर बहुतेक विषय त्या थीमभोवती फिरतात, तर 2015-16 ची थीम होती भारत. नुसता भारत. मला वाटलं आपल्याला विचारतील काहीतरी, इंटरव्ह्यूमध्ये थीमचा काही संबंधच नसतो हे तिथे गेल्यावर कळलं. असो.

तर स्कोअरशीट. तुम्ही ते मला पाठवलंत पण तुम्ही दोघांनी ते नीट बघितलंय असं मला वाटत नाही, कारण बघितलं असतंत तर पत्र वेगळं आलं असतं.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते, कारण इकडे आलेल्या आपल्या निम्म्या आईबापांना हे गट म्हणजे काय तेच ठाऊक नसतं. डेकॅथलॉन म्हणजे दहा. सात विषयांचे पेपर: आर्ट, म्युझिक, लिटरेचर, सोशल सायन्स, सायन्स, इकॉनॉमिक्स आणि गणित. अर्ध्या अर्ध्या तासाचे, पर्याय निवडायचे. बाकी तीन म्हणजे निबंध, भाषण आणि इंटरव्ह्यू. प्रत्येकाला हजार पॉइंट, एकूण दहा हजार. टीम नऊ पोरांची आणि ती नऊ शाळेने वाट्टेल तशी नाही घ्यायची, तिघं ऑनर गटातली, तिघं स्कोलॅस्टिक, तिघं व्हार्सिटी. गट ठरतो जीपीएवरून, साधारण 3.8 च्या वर ऑनर, 3.2 ते 3.8 स्कोलॅस्टिक, त्याखाली व्हार्सिटी. मेडलं गटागटात वेगवेगळी देतात, म्हणून एकाच विषयाला तीन-तीन गोल्ड निघतात. आणि टीमचा स्कोअर काढताना प्रत्येक गटातल्या वरच्या दोघांचेच पॉइंट धरतात, तीन गटांचे सहा जण, जास्तीत जास्त साठ हजार.

आता यातली एक गोष्ट परत वाचा. पेपर तिन्ही गटांना एकच असतो. व्हार्सिटीला सोपा पेपर नसतो. तुमच्या मुलाने जो आर्टचा पेपर सोडवला तोच चारपैकी चारवाल्या पोरींनी सोडवला, त्याच दिवशी, तेवढ्याच वेळात. पन्नास प्रश्न, प्रत्येकी वीस पॉइंट, त्याला 920, म्हणजे शेहेचाळीस बरोबर. म्युझिकला 860, लिटरेचर 840, सोशल सायन्स बरोबर 800. इंटरव्ह्यू 930. एकूण बेरीज मी केली, 7,600 च्या वर जाते. त्याच्या टीममधल्या ऑनरच्या तिघांचे स्कोअर त्याला विचारा, नुसते विचारा, चौकशी म्हणून. मला खात्रीने सांगता येणार नाही पण आर्टमध्ये तो त्यातल्या एखाद-दुसऱ्याच्या पुढे असला तर मला नवल नाही वाटणार.

त्यामुळे ‘ड तुकडीत पहिला’ हे वाक्य मुळात चुकीचं आहे, ते तुमच्या मिस्टरांच्या डोक्यातून आलंय आणि ते कुठून आलंय ते तुम्हाला मला चांगलं माहितीये. आपण सगळे तुकड्यांमधून आलोय. माझ्या शाळेत अ पासून फ पर्यंत होत्या, सहामाहीच्या मार्कांवर दरवर्षी चाळणी लागायची, अ ला गणिताला चांगले सर, फ ला जे उरतील ते, आणि फ मधल्या मुलाशी अ मधल्याने डबा खाल्लाय असं मला आठवत नाही. तिथे तुकडी म्हणजे तुमची लायकी होती, आणि स्कॉलरशिपच्या परीक्षेला, एमटीएसला बसवायचं कुणाला हेही तुकडीवरूनच ठरायचं. डेकाची रचना नेमकी याच्या उलट आहे. 1968 मध्ये रॉबर्ट पीटरसन नावाच्या गृहस्थांनी ही स्पर्धा सुरू केली, ते ऑरेंज काउंटीच्या शाळांचे सुपरिंटेंडंट होते, म्हणजे तुमच्या शेजारचंच प्रकरण. त्यांनी ठरवून ए, बी आणि सी ग्रेडवाली मुलं एकाच टीममध्ये बसवली. हुशार मुलांची स्पर्धा घ्यायची असती तर नऊच्या नऊ ऑनरची पोरं घेतली असती की, कुणी अडवलं होतं? सी ग्रेडवाल्याशिवाय टीमच होत नाही असा नियम केला. म्हणजे आपल्याकडे कल्पना करा, अ, क आणि फ मधली तीन-तीन पोरं एका बाकावर, आणि हेडमास्तर सांगतायत की फ मधल्या पोरांचे मार्क नाही आले तर ढाल गेली.

म्हणून त्या शिक्षिका स्वतःहून आल्या तुमच्या मुलाला बोलवायला. कोच लोक ऑनरची पोरं शोधत नाहीत, ती रांगेत उभी असतात. त्यांची झोप उडते ती व्हार्सिटीवरून. सी ग्रेड आहे पण डोकं चालतं आणि शाळा सुटल्यावर दोन-दोन तास थांबून संगीताच्या इतिहासाच्या नोट्स वाचायची तयारी आहे असं पोर मिळणं किती अवघड असेल, विचार करा. तुमच्या मुलाचे 7,600 टीमच्या बेरजेत जसेच्या तसे जातात. स्टेटला टीम चाललीय ना, त्यात ते आहेत.

मला खाशाबा जाधवांचं उदाहरण द्यावंसं वाटतंय. 1952, हेलसिंकी, बँटमवेट, 57 किलोचा गट, ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल. गोळेश्वरला किंवा कराडात कुणी असं म्हणालं का हो, की हलक्या गटात होतं, जड पैलवानांशी कुठे लढले? आता तुम्ही म्हणाल वजन वेगळं आणि जीपीए वेगळा, वजन कमी असणं हा काही दोष नाही आणि 2.8 हा मात्र आहे. बरोबर आहे. उदाहरण तेवढ्यापुरतं लंगडं पडतं, मान्य. म्हणून 2.8 कडेच येऊ.

तुमच्या मिस्टरांना काळजी वाटतेय ती खोटी नाहीये, हे मी मुद्दाम लिहितेय कारण तुमच्या पत्रात ते जरा खलनायक झालेत. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मुलाला यूसीत, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या कुठल्याही कॅम्पसला, अर्ज करायला किमान 3.0 लागतो, आणि तो ते त्यांच्या पद्धतीने मोजतात, दहावी-अकरावीचे ठरावीक विषय, ऑनर्स किंवा एपी असे वरच्या पातळीचे कोर्स असले तर थोडे जादा पॉइंट. म्हणजे तुमच्या मुलाकडे या हिशोबासाठी अकरावीचं उरलेलं सेमिस्टर आणि नंतरची सुट्टी एवढंच शिल्लक आहे. ही खरी चिंतेची गोष्ट आहे. पण त्यावर उपाय काय काढला, तर एसएटी! यूसी 2021 पासून प्रवेशासाठी एसएटीचा स्कोअर बघतच नाही. भरला तरी बघत नाही. शनिवारी सकाळचा क्लास, त्याचे पैसे, पोराचा वैताग, आणि ज्या दारासाठी हे सगळं चाललंय त्या दाराला ती किल्लीच लागत नाही. दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजांना लागू शकेल, तो वेगळा हिशोब, आधी यादी करा मग क्लास लावा.

आता ते दोन कागद शेजारी शेजारी ठेवा, स्कोअरशीट आणि रिपोर्ट कार्ड. मी ठेवले, डायनिंग टेबलावर, आणि दहा मिनिटं बघत बसले.

गणित: डेकामध्ये 35 पैकी 11 प्रश्न बरोबर, 314 पॉइंट. शाळेत अल्जेब्रा टूमध्ये सी मायनस. दोन्हीकडे एकच गोष्ट दिसतेय, गणित कच्चं आहे. इथे शिकवणी हवी आणि ती लवकर हवी, एसएटीची नको, गणिताची.

इंग्लिश: डेकाच्या लिटरेचरमध्ये 50 पैकी 42 बरोबर, वर निबंधाला 790. शाळेत इंग्लिशमध्ये सी. हे कसं काय? ज्याला एवढं समजतं त्याला सी? शाळेच्या पोर्टलवरचा जो प्रिंट तुम्ही जोडलाय त्यात खाली बारीक अक्षरात आहे, मिसिंग असाइनमेंट्स, अकरा. अकरा! त्याला इंग्लिश येत नाही असं नाहीये, तो गृहपाठ देत नाहीये. केमिस्ट्रीतही पाच-सहा लॅब रिपोर्ट दिसतायत न दिलेले, तिथेही सी.

म्हणजे घरात ज्याला ‘मार्क कमी पडतात’ असं एका नावाने हाक मारताय ते दोन वेगळे आजार आहेत. एकात विषय समजत नाही. दुसऱ्यात समजतो पण वही पोचत नाही. डेका सोडून यातला एकही बरा होत नाही. आणि एक तपासून बघा, नववीत त्याचा जीपीए काय होता? तेव्हा तर डेका नव्हतं. तुमच्याच पत्रात आहे, 2.7. मग डेकाने मार्क खाल्ले म्हणायचं कशावरून?

वही का पोचत नाही याला कारणं असू शकतात, कंटाळा, विसरभोळेपणा, आखणी न जमणं, कधीकधी लक्ष न लागण्याचा खरोखरीचा त्रास. मी डॉक्टर नाही, पत्रावरून काही ठरवणार नाही. पण तोंडी आणि परीक्षेत चमकणारं आणि गृहपाठात सतत घसरणारं पोर असेल तर शाळेच्या कौन्सेलरशी एकदा बोलून घ्यावं, तपासणीसाठी लेखी विनंती करता येते आणि गरज निघाली तर 504 प्लॅन नावाखाली शाळेला सवलती द्याव्या लागतात, जादा वेळ वगैरे. आपल्या लोकांना ‘कौन्सेलर’ ऐकलं की पोटात गोळा येतो. येऊ दे, पण जा.

तोवर सोपं काहीतरी करायचं असेल तर रविवारी संध्याकाळी अर्धा तास त्याच्याबरोबर पोर्टल उघडून बसा, ओरडायला नाही, नुसतं काय राहिलंय ते बघायला. उशिरा दिलेल्या असाइनमेंटला बरेच शिक्षक अर्धे तरी मार्क देतात, अकरातले सहा जरी आत्ता दिले तरी सी चं बी व्हायला वेळ लागत नाही. आणि त्याच्या डेकाच्या कोचला सामील करून घ्या. तुमचं ऐकत नसेल, त्यांचं ऐकतो. ‘आज मिसिंग शून्य असतील तरच प्रॅक्टिस’ असं कोचने म्हटलं तर ते घरच्या शंभर लेक्चरांच्या वर आहे, त्या आनंदाने करतील, त्यांनाही पोर शाळेत पास होत राहायला हवंय.

आता ते भांडणाचं वाक्य. जीपीए वाढला तर गट बदलेल. ताई, हे ऐकून तुम्हाला धक्का बसला पण डेकाच्या घरांमध्ये हे वाक्य नवीन नाही, आणि पोरगं आळशीपणाला सबब शोधत होतं असं मला वाटत नाही. त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुठल्यातरी ठिकाणी आपली गरज आहे असं वाटलंय, आणि ती गरज त्याच्या सी ग्रेडमुळे आहे. गुंता आहे खरा. हसू नका त्याला. पण सोडवावा तर लागेल, आणि आकड्यांनी सोडवा, भाषणाने नाही. गटासाठी जीपीए धरतात तो आधीच्या पूर्ण झालेल्या वर्षांचा. पुढच्या वर्षी बारावीत तो खेळेल तेव्हा दहावी-अकरावीची सरासरी बघतील. ती एका सेमिस्टरने कुठे आभाळाला लागणारे? 2.8 चा 3.1 झाला तरी तो व्हार्सिटीतच राहतो आणि यूसीचं दारही किलकिलं होतं. म्हणजे तूर्तास त्याची भीती आणि तुमची भीती दोन्ही एकाच वेळी मिटण्याएवढी जागा मध्ये आहे. हे गणित त्याच्यासमोर कागदावर मांडा, त्याला आवडेल, जरी 35 पैकी 11 असले तरी.

आणि समजा उडी मारून 3.3 झाला, तर? जाईल स्कोलॅस्टिकमध्ये. मेडलं कदाचित दोन होतील, किंवा एकही नाही. तेव्हा जेवढ्या सहज तुम्ही त्याला ‘बरं झालं’ म्हणाल तेवढ्या सहज पाच मेडलांच्या वेळी म्हटलं नव्हतंत, हे त्याच्या लक्षात राहील, एवढंच सांगून ठेवते. ग्रेड मुद्दाम खाली ठेवायचे नाहीत हे मात्र स्पष्ट सांगा, एकदाच, आवाज न चढवता. नियम असाही आहे की वरच्या गटात खेळायला परवानगी असते, खालच्या गटात उतरायला नसते. ज्यांनी तो केला त्यांनाही हा मोह माहीत असणार.

मेडलांचा मोह पोरांना काय करायला लावतो याचा एक नमुना आहे, 1995 मध्ये शिकागोतल्या एका शाळेच्या टीमने इलिनॉयच्या स्टेट स्पर्धेचा पेपर आधीच मिळवला होता, जिंकले, मग पकडले गेले, मेडलं परत. त्यावर सिनेमासुद्धा निघाला. विषय निघाला म्हणून आठवलं, तुमच्या मुलाचं तसं काही नाही.

कॉलेजचा फॉर्म. सरळ उत्तर: गट लिहायचा. कॉमन ॲपवर, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या सामायिक ऑनलाइन फॉर्मवर, बक्षिसांसाठी पाच जागा असतात आणि उपक्रमांसाठी दहा. बक्षिसात लिहायचं, काउंटी अकॅडेमिक डेकॅथलॉन, व्हार्सिटी डिव्हिजन, आर्ट, गोल्ड. लपवलं तर खोटं ठरतं, आणि गंमत म्हणजे लपवण्यात तोटाच आहे. कारण फॉर्म वाचणाऱ्यासमोर 2.9-3.0 चा ट्रान्सक्रिप्ट आहे आणि शेजारी नुसतं ‘गोल्ड मेडल’ असेल तर तो बुचकळ्यात पडेल. व्हार्सिटी लिहिलं की गोष्ट जुळते. ग्रेड कमी आहेत, पण कुणीतरी या पोराला निवडून टीममध्ये घेतलं, त्याने दहा विषय केले आणि ऑनरवाल्यांच्याच पेपरात शेहेचाळीस बरोबर आणले. उपक्रमाच्या वर्णनाला दीडशे अक्षरंच मिळतात, त्यात आठवड्याचे तास आणि एकूण स्कोअर बसवा. मेडलांनी ट्रान्सक्रिप्ट झाकला जाईल या भ्रमात मात्र राहू नका, नाही झाकला जात. कॅल स्टेटच्या कॉलेजांना 2.5 पासून अर्ज करता येतो, आणि कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं करून यूसीत जाणारी मुलं ढिगाने आहेत, आपल्यातलीसुद्धा, फक्त त्यांचे आईबाप गणेशोत्सवात त्याबद्दल बोलत नाहीत.

इथे जरा थांबून दुसऱ्या एका बाईंना उत्तर देते, त्यांचं पत्र तुमच्या नंतर चार दिवसांनी आलं म्हणून. त्यांची मुलगी ऑनरमध्ये, 8,000 च्या वर स्कोअर, मेडल एकच, आणि त्यांचा राग ‘सहा हजारवाल्याला चार मेडलं आणि आमच्या पोरीला एक’. बाई, तुमच्या मुलीचे पॉइंट टीमच्या बेरजेत गेलेत आणि त्या सहा हजारवाल्याचेही गेलेत, तो नसता तर टीम तिसऱ्या नंबरला आली असती. मेडलं मोजायची असतील तर गटाच्या आत मोजा. ऑनरमध्ये दाटी जास्त असते, वीस पॉइंटांवर, म्हणजे एका प्रश्नावर, मेडल हुकतं. मुलीला वाईट वाटणं समजू शकते, तुम्ही तिच्यासमोर त्या मुलाचं नाव घेऊन बोलताय ते थांबवा. त्याच मुलाशेजारी तिला पुढच्या महिन्यात बसायचंय.

परत तुमच्याकडे. लोकांना काय सांगू, हा तुमचा शेवटचा प्रश्न होता आणि तुम्ही तो जाता जाता लिहिलाय, पण मला वाटतं पत्र त्याच्यासाठीच लिहिलंय.

तुम्ही फोटो कापलात. वाईट हेतूने नाही, मला माहितीये, पुण्याहून सासूबाईंचा फोन आला असता ‘व्हार्सिटी म्हणजे काय गं’ आणि तुम्हाला उत्तर द्यावं लागलं असतं, दिराची मुलगी जेईईला बसलीय, कोण नको तिथे बोट ठेवेल सांगता येत नाही. मीही केलंय असलं, माझ्या लेकाचं एक सर्टिफिकेट मी अशा कोनातून काढलं होतं की ‘सहभाग’ हा शब्द अंगठ्याखाली यावा. पण पोराने काय पाहिलं ते त्याच्या जागेवरून बघा. स्टेजवर त्याचं नाव पुकारलं तेव्हा गटासकट पुकारलं, त्याच्या टीममधली चारपैकी चारवाली पोरं उभी राहून ओरडली, मागे स्क्रीनवर तोच शब्द होता आणि त्याला तिथे त्याची लाज वाटली नाही. लाज त्याला घरी आल्यावर, फोनवर, आईने कापलेल्या जागेत दिसली. बाबांचं ‘ड तुकडी’ त्याने सहन केलं असतं, बाबा तसेच आहेत हे त्याला माहीत आहे. मेडलं कप्प्यात गेली ती मला वाटतं फोटोमुळे गेली.

त्यामुळे माफी मागायची असेल तर जीपीएचा विषय त्याच संभाषणात आणू नका. आपण तसं करतो, ‘मला तुझा अभिमानच आहे रे, पण इंग्लिशचं बघ जरा’, आणि तो ‘पण’ आला की आधीचं सगळं पुसलं जातं. गाडीत बोला, समोरासमोर बसून नको, त्या वयात गाडीत बरं पडतं, दोघांची तोंडं रस्त्याकडे असतात. मी फोटो कापला, मला लोकांची भीती वाटली, चुकलं. एवढंच. तो ‘इट्स फाइन’ म्हणेल. म्हणू दे. लगेच मिठी वगैरे अपेक्षा करू नका.

मग आख्खा फोटो ग्रुपवर टाकायचा का, तर त्याला विचारून. तो नको म्हणाला तर नको. हो म्हणाला तर खाली दोन ओळी लिहा, की या स्पर्धेत टीममध्ये तीन गट असतात, पेपर सगळ्यांना एकच, आणि आमचा मुलगा व्हार्सिटी गटातून खेळतो. सासूबाईंचा फोन आला तर त्यालाच द्या, तो आजीला सांगेल, नाहीतरी त्याला इंटरव्ह्यूत गोल्ड आहे.

आणि स्टेटला दोघंही जा. मिस्टरांना घेऊन जा म्हणजे जाच. पेपर चालू असताना आत सोडत नाहीत, पण सुपर क्विझ सगळ्यांसमोर होते, प्रेक्षक असतात, प्रत्येक गटाची पोरं आळीपाळीने पुढे बसतात, बरोबर उत्तर आलं की आख्खी शाळा किंचाळते. व्हार्सिटीची पोरं बसतील तेव्हा आजूबाजूच्या ऑनरच्या पोरांच्या आईबापांचे चेहरे बघायला सांगा त्यांना, श्वास रोखून बसलेले असतात, कारण त्यांच्या पोरांचं नॅशनल्स याच तिघांवर टांगलेलं असतं. जागा पुढची धरा, मागून काही दिसत नाही. जाताना डॅशबोर्डच्या कप्प्याला हात लावू नका, मेडलं त्याची आहेत, काढायची तेव्हा तो काढेल.